नवोदित भूवैज्ञानिकांनी संशोधन निधी कसा मिळवावा: नमुन्याच्या प्रवासापासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

भूशास्त्र, भूभौतिकी, हवामानशास्त्र किंवा समुद्रविज्ञान या विषयांत नुकतीच पीएचडी झालेल्या किंवा होऊ घातलेल्या संशोधकापुढे पैशाचे दोन निरनिराळे प्रश्न असतात. एक प्रश्न स्वतःच्या पोटापाण्याचा, म्हणजे पाठ्यवृत्तीचा किंवा पगाराचा. आणि दुसरा प्रश्न संशोधनाच्या खर्चाचा, म्हणजे क्षेत्रभ्रमंतीची गाडी, नमुन्यांची कापणी, यंत्रांवरील चाचण्या, मदतनिसाचे मानधन यांचा. या दोन प्रश्नांसाठी भारतात वेगवेगळ्या योजना आहेत आणि त्यांच्या अटीही वेगळ्या आहेत. म्हणून संकेतस्थळांवरील योजनांची यादी चाळण्याआधी आपले वय किती, पीएचडीला किती वर्षे झाली आणि आपल्याकडे नियमित नेमणूक आहे की नाही, या तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. बहुतेक योजनांची दारे याच तीन गोष्टींवर उघडतात किंवा बंद होतात. प्रस्ताव किती चांगला आहे हा प्रश्न त्यानंतर येतो.

कोणत्या टप्प्यावर कोणते दार

पीएचडीच्या टप्प्यावर सर्वांत रुळलेली वाट सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेची आहे. या परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषयगट आहे. कनिष्ठ पाठ्यवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ पाठ्यवृत्तीची ४२,००० रुपये झाली; घरभाडे भत्ता त्याव्यतिरिक्त मिळतो. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी याच्या जोडीला आपल्या सामाजिक प्रवर्गानुसार पुण्याची बार्टी, पुण्याचीच सारथी आणि नागपूरची महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या पीएचडी अधिछात्रवृत्तींच्या जाहिराती पाहाव्यात. या अधिछात्रवृत्ती विषयनिरपेक्ष असल्याने भूशास्त्राचे विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत, आणि हे नुकसान विनाकारण होते.

पीएचडीनंतर आणि नियमित नोकरीच्या आधी दोन योजना विशेष महत्त्वाच्या आहेत. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर फॅकल्टी योजनेत पाच वर्षांसाठी दरमहा १,२५,००० रुपये आणि संशोधनासाठी दरवर्षी ७ लाख रुपये अशी तरतूद राहिली आहे. आतापर्यंतच्या आवाहनांत, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिरातींत, खुल्या गटासाठी वयोमर्यादा २७ ते ३२ वर्षे होती आणि महिलांना व अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना पाच वर्षांची सवलत होती. म्हणजे पीएचडी तिशीत गेली असेल, तर या योजनेसाठी हाती एखाददुसरेच वर्ष उरते. त्यामुळे यजमान संस्थेशी पत्रव्यवहार प्रबंध सादर करण्याच्या सुमारासच सुरू झालेला असावा. दुसरी योजना राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपची. तिच्यात मार्गदर्शक आणि यजमान संस्था अर्जदाराने स्वतः निवडायची असते, आणि ही निवड करताना मार्गदर्शकाच्या नावलौकिकापेक्षा त्याच्या प्रयोगशाळेत आपल्या नमुन्यांना कोणत्या यंत्रावर किती वेळ मिळणार आहे, हे विचारणे जास्त शहाणपणाचे ठरते.

पहिली नियमित नेमणूक मिळाली की चित्र बदलते. सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड ही जुनी संस्था २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये, म्हणजेच एएनआरएफमध्ये विलीन झाली, आणि नव्या प्राध्यापकांसाठी प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट सुरू झाली. तीन वर्षांत ६० लाख रुपयांपर्यंतचा निधी आणि ४२ वर्षांची वयोमर्यादा ही तिची ठळक वैशिष्ट्ये आहेत; राखीव प्रवर्ग, महिला आणि दिव्यांग अर्जदारांना वयात सवलत आहे. नेमणुकीनंतर किती काळात अर्ज करायचा याची अट प्रत्येक आवाहनात शब्दशः वाचावी. रुजू झाल्यावर पहिले वर्ष वेळापत्रक, परीक्षा आणि नॅक मूल्यांकनाच्या कागदपत्रांत कसे निघून जाते ते महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणालाही सांगायला नको, आणि या योजनेचा काळ त्या वर्षातही मोजला जात असतो.

याखेरीज पृथ्वी विज्ञान मंत्रालय स्वतः संशोधन प्रकल्पांना निधी देते. २०२४ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ४,७९७ कोटी रुपयांच्या ‘पृथ्वी’ या छत्र-योजनेत वातावरण, महासागर, ध्रुवीय प्रदेश आणि भूकंपशास्त्र यांच्या उपयोजना एकत्र आणल्या गेल्या. खोल समुद्र मोहीम आणि ‘मिशन मौसम’ या त्याच मंत्रालयाच्या मोहिमा आहेत. आपला विषय या मोहिमांशी खरोखर जुळत असेल तर तसे प्रस्तावात स्पष्ट लिहावे. जुळत नसेल तर ओढूनताणून शब्द घालू नयेत. परीक्षक त्याच विषयातले असतात आणि पहिल्याच परिच्छेदात लावलेला मोहिमेचा मुलामा त्यांच्या चटकन लक्षात येतो. उपग्रहांच्या माहितीवर काम करणाऱ्यांसाठी इस्रोचा रिस्पॉन्ड कार्यक्रम आहे. इस्रोच्या केंद्रांना ज्या प्रश्नांवर काम हवे आहे त्यांची यादी इस्रो प्रसिद्ध करते, त्यामुळे येथे आपला प्रश्न घेऊन जाण्यापेक्षा त्यांच्या यादीतला प्रश्न आपल्या कौशल्याशी जुळवून पाहणे सोयीचे पडते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि आयआयटी मुंबईत इस्रोचे कक्ष असल्याने महाराष्ट्रातील अर्जदारांना चौकशीसाठी दूर जावे लागत नाही. संसारामुळे किंवा बाळंतपणामुळे संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांनी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण योजना अवश्य पाहाव्यात, कारण तो खंड तिथे उणीव म्हणून धरला जात नाही. योजनाच त्यासाठी आखलेली आहे.

प्रस्तावाआधी नमुन्याचा प्रवास लिहावा

इतर विज्ञानशाखांच्या तुलनेत भूविज्ञानाचा प्रस्ताव एका बाबतीत वेगळा असतो. आपला नमुना प्रयोगशाळेत तयार होत नाही. तो डोंगरावरून, विहिरीतून, नदीच्या गाळातून किंवा समुद्रतळावरून आणावा लागतो, आणि तिथपासून तक्त्यातल्या आकड्यापर्यंत त्याचा प्रवास लांबचा असतो. माझ्या मते प्रस्तावाचा पहिला मसुदा म्हणजे उद्दिष्टे किंवा संदर्भसूची नव्हे, तर या प्रवासाचा एक-दोन पानी वृत्तांत असावा. अंदाजपत्रक, वेळापत्रक आणि जोखमीचा परिच्छेद हे तिन्ही त्यातून आपोआप बाहेर येतात.

एक उदाहरण सविस्तर पाहू. दख्खनच्या लाव्हाप्रवाहांच्या अधेमध्ये तांबड्या मातीसारखे थर दिसतात, ज्यांना भूशास्त्रज्ञ रेड बोल म्हणतात. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटात हे थर रस्त्याच्या कडेला उघडे पडलेले आहेत. बेसाल्ट या लाव्हापासून बनलेल्या खडकात झिरकॉन हे खनिज क्वचितच सापडते, पण या तांबड्या थरांत ज्वालामुखीच्या राखेबरोबर आलेले झिरकॉनचे कण मिळू शकतात आणि त्यांच्यातील युरेनियम व शिशाच्या प्रमाणावरून वय काढता येते. समजा, आंबेनळी आणि महाबळेश्वर या दोन शैलसमूहांच्या, म्हणजे लाव्हाथरांच्या नाव दिलेल्या गटांच्या, सीमेवर लाव्हा ओतला जाण्याचा वेग बदलला का, हा आपला प्रश्न आहे. आता नमुन्याचा प्रवास लिहू लागलो की एकेक बाब समोर येते. रस्त्याच्या कडेचा थर असेल तर वाहतुकीची काळजी पुरते, पण तोच थर कोयनेच्या बाजूला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि ती हातात येण्यास महिने जाऊ शकतात. मग काही किलो माती पिशव्यांत भरून आणायची, धुवायची, चुंबकीय विभाजकातून काढायची, जड द्रवात बुडवून हलकी खनिजे वेगळी करायची आणि उरलेल्या चिमूटभर चुऱ्यातून सूक्ष्मदर्शकाखाली झिरकॉनचे कण सुईने एकेक उचलायचे. ब्रोमोफॉर्मसारखा जड द्रव विषारी असल्याने धूरनिष्कासक कपाट असलेली प्रयोगशाळा हवी. ती आपल्या महाविद्यालयात नसेल, तर कोणाच्या प्रयोगशाळेत हे काम होणार याचे संमतीपत्र प्रस्तावाला जोडायला हवे.

खरी कसोटी त्यापुढची आहे. लेझरने कण जाळून आयसीपी-एमएस या मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर वय काढण्याची पद्धत जलद आणि तुलनेने स्वस्त आहे, पण तिची अचूकता साधारणपणे एक ते दोन टक्क्यांची असते. दख्खनचे खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. त्याचा एक टक्का म्हणजे ६ लाख ६० हजार वर्षे. लाव्हाचा मुख्य उद्रेकच दहा लाख वर्षांहून कमी काळात आटोपला असे अलीकडच्या कालमापनातून दिसते. मग सहा-सात लाख वर्षांच्या चुकीची शक्यता असलेल्या पद्धतीने त्या उद्रेकातील वेगाचा चढउतार कसा दिसणार? हा प्रश्न परीक्षक हमखास विचारतो, आणि ‘आमच्या ओळखीच्या संस्थेत लेझर यंत्र आहे’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. येथे एकेक कण आम्लात विरघळवून मोजण्याची, काही दशसहस्र वर्षांपर्यंत अचूक असलेली पद्धत लागते. तशी स्वच्छ प्रयोगशाळा ज्या गटाकडे आहे त्यांचे सहकार्य मिळवावे, किंवा मग प्रश्नच बदलावा. प्रश्न आणि यंत्र यांची अचूकता जुळते आहे, हे दाखवणारा चार-पाच वाक्यांचा हिशोब प्रस्तावात असेल, तर तो पानभर पार्श्वभूमीपेक्षा जास्त काम करतो.

आणि झिरकॉन मिळालेच नाहीत तर? ही शक्यता लपवू नये. महाबळेश्वर शैलसमूहात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेचा एक उलटफेर नोंदला गेलेला आहे, त्यामुळे त्याच ठिकाणच्या लाव्हाच्या दिशानिश्चित नमुन्यांवर पुराचुंबकीय मोजमापे (खडकात जतन झालेल्या प्राचीन चुंबकीय दिशेची) करून त्या उलटफेराच्या संदर्भात प्रवाहांचा क्रम लावण्याचा पर्याय खुला राहतो. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था अशा कामासाठी जवळ आहे. जोखीम आणि तिचा पर्याय असे दोन्ही सांगणारा प्रस्ताव ‘अनुभव कमी आहे’ या आक्षेपाला बऱ्याच अंशी उत्तर देऊन जातो.

उद्दिष्टांची भाषाही याच प्रवासातून सुधारते. ‘सातारा जिल्ह्यातील लाव्हाप्रवाहांचा भूरासायनिक अभ्यास करणे’ हे उद्दिष्ट नसून कामाचे वर्णन आहे, कारण तो अभ्यास केव्हा पूर्ण झाला असे म्हणायचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. ‘दोन शैलसमूहांच्या सीमेखालील आणि सीमेवरील तांबड्या थरांची वये काढून त्यांच्यातील काळाचे अंतर ठरवणे’ असे लिहिले, तर तिसऱ्या वर्षाअखेर ते साधले की नाही हे परीक्षकालाही कळते आणि आपल्यालाही. अशी दोन किंवा तीन उद्दिष्टे पुरेशी असतात.

अंदाजपत्रक आणि ऋतू

तीन वर्षांच्या प्रकल्पात एका कनिष्ठ संशोधकाची नेमणूक धरली, तर दरमहा ३७,००० रुपयांवर ३० टक्के घरभाडे भत्ता मिळून ४८,१०० रुपये होतात. पहिल्या दोन वर्षांचे ११,५४,४०० रुपये आणि तिसऱ्या वर्षी वरिष्ठ दराने ६,५५,२०० रुपये धरता एकूण १८,०९,६०० रुपये लागतात. म्हणजे ६० लाखांतील जवळजवळ तीस टक्के रक्कम एका माणसाच्या मानधनात जाते. हे चूक नाही. उलट क्षेत्रातील काम एकट्याने करणे सुरक्षितही नसते. मात्र हा आकडा आधी मांडला नाही, तर उरलेल्या पैशात एखादे महागडे यंत्र बसवण्याचा मोह होतो, ज्याच्या देखभालीचा खर्च प्रकल्प संपल्यावर कोण करणार याचे उत्तर कोणाकडेच नसते. नवख्या संशोधकाने मोठे यंत्र मागण्याऐवजी यंत्राचा वेळ मागावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आयआयटी मुंबईतील सैफ हे सामाईक उपकरण केंद्र, दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय प्रवेगक केंद्रातील राष्ट्रीय भूकालमापन सुविधा, आणि देशभरातील यंत्रांची नोंद असलेले आय-स्टेम पोर्टल यांच्याकडून दर व प्रतीक्षाकाळ विचारून घ्यावा, आणि प्रति नमुना दर गुणिले नमुन्यांची संख्या असा हिशोब अंदाजपत्रकात दाखवावा. फेरतपासणीसाठी आणि प्रमाणित नमुन्यांसाठी काही जादा चाचण्या धरणे ही चैन नव्हे.

ऋतूचे गणित तर पैशाइतकेच महत्त्वाचे. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर काम होत नाही, ऑक्टोबरात सगळे उतार गवताखाली असतात, आणि खडक नीट उघडे दिसतात ते गवत वाळल्यावर. तीन वर्षांच्या प्रकल्पात असे कोरडे हंगाम तीनच मिळतात, त्यांतला पहिला बहुधा नेमणूक आणि खरेदी यांतच सरतो. म्हणून सगळे नमुने दुसऱ्या हंगामाअखेर जमा होतील अशी आखणी करावी आणि तिसरा हंगाम राहून गेलेल्या ठिकाणांसाठी मोकळा ठेवावा. हिमालयात काम करणाऱ्यांचे गणित याच्या उलट असते. स्पितीसारख्या भागात उन्हाळा आणि पावसाळ्यानंतरचे थोडे दिवस हाच हंगाम. अंटार्क्टिक किंवा आर्क्टिक प्रदेशात काम करायचे असेल तर गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या मोहिमांसाठीच्या आवाहनांवर नजर ठेवावी. तेथे मिळणारी जहाजातली जागा, तळावरील मुक्काम आणि सुरक्षा यांची किंमत कोणत्याही छोट्या अनुदानात बसणारी नसते.

ज्यांचे काम संगणकीय प्रतिमानांचे किंवा उपग्रहीय माहितीचे आहे, त्यांना रोख पैसा फारच कमी लागतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाची १९०१ पासूनची दैनंदिन पर्जन्यमानाची जाळीबद्ध माहिती, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवरील नकाशे, लँडसॅट आणि सेंटिनेल या उपग्रहांची चित्रे ही विनामूल्य मिळतात. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी असतात. अशा संशोधकाने पैशाऐवजी संगणनाचा वेळ आणि एक सक्षम विद्यार्थी एवढेच मागितले, तर प्रस्ताव लहान आणि विश्वासार्ह दिसतो.

परदेशी दारे

येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. युरोपच्या मारी क्युरी पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपला कोणत्याही देशाचा संशोधक पीएचडीनंतर आठ वर्षांच्या आत अर्ज करू शकतो, मात्र आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ वास्तव्य झालेले नसावे. जर्मनीची हुम्बोल्ट आणि अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू पाठ्यवृत्ती या आणखी दोन वाटा आहेत. तिन्हींत यजमान प्राध्यापकाचे सहकार्य आधी मिळवावे लागते. त्याला पाठवायचे पहिले पत्र अर्ध्या पानाचे असावे आणि त्यात ‘तुमच्या प्रयोगशाळेत मला हे अमुक मोजायचे आहे’ असे एक ठोस वाक्य असावे. सरसकट स्तुतीच्या पत्रांना उत्तरे येत नाहीत. व्हिएन्नाला भरणाऱ्या युरोपीय भूविज्ञान संघाच्या वार्षिक सभेला जायचे असेल, तर प्रवास-साहाय्याचा अर्ज सारांश पाठवतानाच करायचा असतो, सारांश स्वीकारला गेल्यावर नव्हे.

मंजुरीपत्र आल्यानंतर

निधी मिळाल्यावर भूवैज्ञानिक डोंगराकडे धावतो आणि कागदपत्रे मागे राहतात. मंजुरीपत्रातील खर्चाची शीर्षके आधी नीट वाचावीत: मनुष्यबळ, उपभोग्य वस्तू, प्रवास, आकस्मिक खर्च, उपकरणे आणि संस्थेचा वाटा. एका शीर्षकातील पैसे दुसऱ्यात वळवायला बहुधा निधी देणाऱ्या संस्थेची परवानगी लागते. प्रवासाच्या शीर्षकात भाड्याच्या गाडीचा खर्च बसतो की नाही, स्थानिक मदतनिसाची मजुरी कोणत्या शीर्षकात टाकायची, हे संस्थेच्या लेखा विभागाकडून लेखी विचारून घ्यावे. गावातला जो माणूस ओढ्याने वर चढून नमुन्यांची पोती खाली आणतो, त्याच्याकडे छापील पावतीपुस्तक नसते; त्याच्या सही-अंगठ्याची पावती चालते का, हे आधीच ठरलेले बरे. खरेदी शासकीय खरेदीच्या जेम पोर्टलवरून करायची की दरपत्रके मागवून, याबाबतचे वैज्ञानिक संस्थांसाठीचे नियम २०२५ मध्ये सैल झाले आहेत, पण आपल्या संस्थेने ते स्वीकारले आहेत का, हे विचारल्याशिवाय मागणीपत्र लिहू नये.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, आणि नेमका तोच क्षेत्रकामाचा ऐन हंगाम असतो. त्यामुळे फेब्रुवारीअखेरपर्यंतची सर्व देयके सादर करून मार्चमध्ये उतरणारा खर्च आधीच बांधून ठेवावा. खर्चाचे विवरण आणि जीएफआर १२-ए या शासकीय नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र (निधी मंजूर कामासाठीच वापरल्याचा दाखला) वेळेवर गेले नाही, तर पुढील वर्षाचा हप्ता अडतो. अनुदानाच्या खात्यावर व्याज जमा झाले असेल तर ते आपले नसते. भारतकोश या केंद्राच्या भरणा पोर्टलमार्फत शासनाकडे परत भरावे लागते. मुदतवाढ लागणार असे दिसू लागले, तर प्रकल्प संपण्याच्या काही महिने आधीच, किती नमुने मोजून झाले आणि किती यंत्राच्या रांगेत आहेत याच्या आकड्यांसह विनंती पाठवावी, आणि त्या विनंतीत मदतनिसाच्या मानधनाचे काय होणार हेही लिहावे, कारण जादा निधीविना मिळालेल्या मुदतवाढीत त्याचा पगार कोणत्याही शीर्षकातून निघत नसल्याचे शेवटच्या महिन्यात लक्षात येते.